पोलंडचे शिपाई ‘काळे’ कसे ठरले?

प्रश्न : हैती १९७४ नंतर प्रथमच फुटबॉलच्या विश्वचषकाला पात्र ठरल्याची बातमी वाचली आणि नातवाला घेऊन नकाशा उघडला. मी निवृत्त इतिहास-शिक्षक. राष्ट्र व्हायचं तर समान भाषा, समान परंपरा, गेला बाजार समान धर्म तरी लागतो, असं आयुष्यभर फळ्यावर लिहीत आलो. हैतीत यातलं काय होतं? आफ्रिकेच्या कुठल्या कुठल्या भागांतून धरून आणलेली माणसं, एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही. मग बारा-तेरा वर्षांच्या धुमश्चक्रीत त्यांचं राष्ट्र झालं कसं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सर, आधी त्या बातमीतलीच एक गोष्ट. हैतीचा तो निर्णायक सामना झाला १८ नोव्हेंबर २०२५ रोजी. ही तारीख तिथे राष्ट्रीय स्मृतिदिन म्हणून पाळतात, कारण १८०३ साली याच दिवशी व्हर्तियेर इथे नेपोलियनच्या फौजेला निर्णायक मार बसला. गंमत अशी की सामना ‘घरचा’ असूनही खेळला गेला कुरासाव बेटावर. राजधानीत टोळ्यांचा इतका धुमाकूळ आहे, की स्वतःच्या देशात खेळायची सोय नाही. हैतीबद्दल काहीही सांगायला गेलं की अभिमान आणि अडचण अशी हातात हात घालून समोर येतात.

आता मूळ प्रश्न. हिस्पानिओला बेटाचा पश्चिमेकडचा एक तृतीयांश भाग म्हणजे फ्रान्सची सँ-दोमँग ही वसाहत. युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी साधारण ४० टक्के साखर आणि निम्म्याहून अधिक कॉफी १७८९च्या सुमारास एवढ्याशा तुकड्यातून जात होती. तिथे पाच लाखांच्या घरात गुलाम राबत होते. गोरे तीसेक हजार. जवळपास तितकेच ‘मुक्त वर्णीय’, म्हणजे बहुतेक मिश्र रक्ताचे, कायद्यानं स्वतंत्र, त्यांतले काही स्वतःच मळ्यांचे आणि गुलामांचे मालक, पण गोऱ्यांनी पंगतीला न घेतलेले.

गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला साखरेच्या मळ्याचं फार वर्णन करायला नको. तोडलेला ऊस पडून राहिला की रस आंबतो, म्हणून हंगामात चरक रात्रंदिवस चालायचे. झोपेनं तारवटलेल्या डोळ्यांनी ऊस सारताना हात आत ओढला जायचा. कॅरिबियन बेटांवर चरकाशेजारी कुऱ्हाड ठेवत. चरक थांबेपर्यंत माणूस आख्खा आत जाईल, त्यापेक्षा हात तोडलेला बरा, हा हिशेब. माणसं इतकी मरत, की जन्मांनी ती भर निघत नसे. नवी माणसं विकत आणणं मालकांना परवडायचं. १७८०च्या दशकाच्या अखेरीस या एका वसाहतीत वर्षाला तीस हजारांहून अधिक आफ्रिकी लोक उतरवले जात होते. त्यामुळे उठावाच्या वेळी गुलामांपैकी साधारण दोन तृतीयांश आफ्रिकेतच जन्मलेले होते. त्यांत काँगोच्या राज्यातून आलेले फार. तिथल्या यादवी युद्धांत पकडून विकलेल्यांपैकी बरेच जण हाडाचे शिपाई होते. आपण बंदूक धरायला शिकलेली माणसं विकत घेतोय, हे मळेवाल्यांच्या ध्यानात आलं नाही.

तेव्हा तुमचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. समान असं काही नव्हतं. काँगो, आरादा, नागो, इबो अशा नावांनी ओळखले जाणारे गट होते. त्यांच्यात आणि बेटावर जन्मलेल्या गुलामांत अंतर होतं. मुक्त वर्णीयांत आणि या सगळ्यांत तर दरीच. मळ्यांवर घडलेली क्रेओल बोली एवढाच काय तो सांधा. आजही हैतीच्या व्होडू धर्मात देवतांचे गण राडा, नागो, काँगो, इबो अशा नावांनी वेगवेगळे मांडले जातात आणि एकाच देवळात सगळ्यांची पूजा होते.

२२ ऑगस्ट १७९१च्या रात्री उत्तरेच्या मैदानी मुलखात उठाव झाला आणि मळे पेटले. तेव्हा बंडखोरांच्या तोंडी राष्ट्र नव्हतं, राजा होता. फ्रान्सच्या राजानं आठवड्यातले तीन दिवस गुलामांना मोकळे दिले आहेत आणि इथले गोरे ते दडपून ठेवतायत, अशी वदंता पसरली होती. पुढारी झाँ-फ्रान्स्वा आणि बिआसू यांनी त्या वर्षाच्या अखेरीस बोलणी केली, ती काय म्हणून? आमच्यासारख्या मोजक्या पुढाऱ्यांना मुक्ती द्या, बाकीच्यांना आम्ही मळ्यांवर परत पाठवतो. वसाहतीच्या सभेनं ताठरपणानं नकार दिला म्हणून, नाहीतर हैतीचा इतिहास तिथेच आटोपला असता. पुढे हे दोघे स्पेनच्या राजाच्या पगारी फौजेत गेले. माकाया नावाच्या काँगो सरदाराला १७९३मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनी प्रजासत्ताकाकडे ये म्हणून निरोप धाडला. मी तीन राजांची प्रजा आहे, असं त्यानं कळवलं. काळ्या लोकांचा धनी काँगोचा राजा. बापाच्या जागी फ्रान्सचा राजा. आईच्या जागी स्पेनचा. आपल्याला आज हे विचित्र वाटतं, पण निष्ठा माणसाशी किंवा गादीशी असते, या जगात तो वाढला होता. नकाशावरच्या रंगाशी निष्ठा ही गोष्ट खुद्द फ्रान्समध्येसुद्धा तेव्हा नवीनच होती.

मग १७९३-९४ आलं. इंग्लंड आणि स्पेनशी युद्ध पेटलेलं. वसाहत हातची जाणार, अशी वेळ आली तेव्हा फ्रेंच आयुक्त सोंतोनानं २९ ऑगस्ट १७९३ रोजी उत्तर प्रांतात गुलामी रद्द केली, आणि ४ फेब्रुवारी १७९४ला पॅरिसच्या राष्ट्रीय सभेनं सगळ्या फ्रेंच वसाहतींत ती रद्द ठरवली. उदात्त विचार त्यामागे होता, नव्हता असं नाही. पण युद्धात माणसं हवी होती, हे कारण अधिक जोराचं. काही महिन्यांतच स्पेनकडून लढणारा तूसाँ लूवेर्त्यूर फ्रान्सकडे आला. त्यानं इंग्रजांना जेरीला आणलं, १७९८मध्ये ते निघून गेले. पुढची दोन वर्षं त्यानं दक्षिणेतल्या मुक्त वर्णीयांचा पुढारी रिगो याच्याशी भाऊबंदकीचं युद्ध केलं आणि तेही जिंकलं.

आता तूसाँनं १८०१मध्ये काढलेली घटना बघा. तिचं तिसरं कलम सांगतं की या भूमीवर गुलाम असू शकत नाहीत, इथला प्रत्येक माणूस स्वतंत्र आणि फ्रेंच म्हणून जन्मतो, जगतो आणि मरतो. फ्रेंच! दहा वर्षांचा रक्तपात होऊन गेला, बेटावर काळ्या सेनापतीचा अंमल आहे, तहहयात राज्यपाल म्हणून त्यानं स्वतःचंच नाव घटनेत घातलंय, आणि तरी आम्ही कोण, तर फ्रेंच. सर, ‘बारा-तेरा वर्षांच्या धुमश्चक्रीत राष्ट्र झालं’ असं तुम्ही लिहिलंत. माझ्या मते त्यातली पहिली अकरा वर्षं वजा करा. राष्ट्र म्हणण्याजोगी जी काही गोष्ट झाली ती १८०२चा उन्हाळा आणि १८०३चा शेवट यांच्यामध्ये झाली.

झालं असं. नेपोलियननं आपला मेहुणा लक्लेर याला मोठं आरमार देऊन धाडलं. पहिल्या खेपेलाच वीस हजारांच्या आसपास फौज होती. काही महिन्यांत तूसाँचे सेनापती क्रिस्तोफ आणि देसालीन लक्लेरला जाऊन मिळाले. तूसाँला बोलणीच्या बहाण्यानं बोलावून पकडलं आणि फ्रान्सला नेलं. स्वित्झर्लंडच्या सीमेजवळच्या एका किल्ल्यात, थंडीनं आणि आजारानं, ७ एप्रिल १८०३ला तो गेला. इतकं होऊनही सेनापती फ्रेंचांच्याच नोकरीत होते. मग ऑगस्टच्या सुमाराला बातमी आली की शेजारच्या ग्वादलूप बेटावर फ्रेंचांनी गुलामी पुन्हा सुरू केली.

त्या एका बातमीनं जे केलं ते दहा वर्षांच्या भाषणांनी केलं नव्हतं. ग्वादलूपमध्ये झालं ते उद्या इथे होणार, हे कुणाला फोडून सांगावं लागलं नाही. काँगोहून आलेल्याला कळलं, बेटावर जन्मलेल्याला कळलं, आणि आपण तर आधीपासूनच स्वतंत्र म्हणणाऱ्या मिश्र रक्ताच्या अधिकाऱ्यालाही कळलं, कारण त्याच्या हक्कांवरही गदा येणारच होती. ऑक्टोबर १८०२मध्ये पेतिओं, क्लेर्व्हो, क्रिस्तोफ, देसालीन हे अधिकारी एकापाठोपाठ एक फ्रेंचांना सोडून गेले. लक्लेर नोव्हेंबरात पिवळ्या तापानं मेला. त्याच्या जागी आलेल्या रोशाम्बोनं क्युबाहून शिकारी कुत्रे मागवले, माणसं जिवंत बुडवली. जो कोणी अजून कुंपणावर बसला होता त्याला त्यानं स्वतःच्या हातानं पलीकडे ढकललं.

म्हणून तुमच्या फळ्यावरच्या व्याख्येत मी एवढीच दुरुस्ती सुचवीन की इथे आधी काही समान नव्हतं, पुढे काय होऊ द्यायचं नाही ते समान होतं. पुन्हा गुलामी नको, या एका मुद्द्यावर एकमत. त्यापलीकडे जमीन कुणाची, राज्य कुणी करायचं, मळे चालू ठेवायचे की मोडायचे, कशावरही एकमत नव्हतं आणि पुढे झालंही नाही.

एकमत झाल्यावर खुणा भराभर तयार झाल्या. बंडखोर अजून आमचंच निशाण घेऊन लढतात, म्हणजे त्यांना स्वातंत्र्य नकोच आहे, असं फ्रेंच म्हणत असल्याचं देसालीनच्या कानावर आलं, असं हैतीच्या इतिहासात सांगतात. १८ मे १८०३ रोजी आर्काए इथे सेनापतींची बैठक होती. देसालीननं फ्रेंच तिरंग्यातला मधला पांढरा पट्टा फाडून काढला आणि कातरीन फ्लों हिनं निळा आणि तांबडा जोडून शिवला, ही कथा तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. शिवणाचा भाग दंतकथा असेल. पण निशाण नव्यानं कल्पिलेलं नाही, शत्रूच्याच निशाणाला कात्री लावून केलेलं आहे, हे खरं. फौजेनं काही काळ स्वतःला ‘इंकांची सेना’ म्हणवून घेतलं, मग ‘देशी सेना’. आणि १ जानेवारी १८०४ला गोनाईव्ह गावी स्वातंत्र्य जाहीर झालं तेव्हा देशाला नाव दिलं हैती. हे नाव ताइनो लोकांचं, म्हणजे कोलंबस आला तेव्हा बेटावर राहणाऱ्या मूळच्या रहिवाशांचं. ते लोक स्पॅनिश अमलात, रोगराईत आणि खाणींत जवळजवळ नामशेष झाले होते. त्यांच्याशी रक्ताचं नातं जवळपास कुणाचंच नव्हतं. तरी आफ्रिकेतून आणलेल्यांनी त्यांचं नाव घेतलं आणि आम्ही त्यांचाही सूड उगवला असा दावा केला. मला हे फार हुशारीचं वाटतं. काँगोचं नाव घेतलं असतं तर नागो दुखावले असते. जे उरलेच नाहीत त्यांच्या नावाला हरकत कोण घेणार?

हे सगळं वाचून छाती फुगावी असं आहे. म्हणून आता त्यातला तो भाग, जो त्या देशाच्या शाळांतही बराच काळ दबक्या आवाजात सांगितला गेला. क्रिस्तोफ आणि देसालीन १८०२च्या मध्याला फ्रेंचांच्या नोकरीत होते, तेव्हा लढत कोण होतं? काँगो आणि इतर आफ्रिकी टोळीनायक. माकाया, पती-नोएल, सिला आणि झाँ-बातीस्त साँ-सूसी नावाचा एक कर्नल. हे डोंगरांतून लढत होते, आणि त्यांची शिकार करायला लक्लेरनं याच काळ्या सेनापतींना पाठवलं होतं. पुढे सेनापती बाजू बदलून आले आणि म्हणाले, आता आम्ही तुमचे वरिष्ठ. साँ-सूसीनं मानलं नाही. काल आमच्यावर गोळ्या झाडणाऱ्याचा हुकूम आज का ऐकू? क्रिस्तोफनं १८०३मध्ये त्याला भेटीला बोलावलं आणि ठार केलं. दहा वर्षांनी राजा झालेल्या क्रिस्तोफनं मिलो इथे भव्य राजवाडा पुरा केला. त्या राजवाड्याचं नाव साँ-सूसी. युरोपातल्या प्रशियाच्या राजाच्या वाड्याची नक्कल, असं प्रवासी लिहून गेले. हैतीचे इतिहासकार मिशेल-रोल्फ त्रूयो यांनी आपल्या १९९५च्या पुस्तकात त्या वाड्याखाली कर्नलाची आठवण गाडली गेल्याचं दाखवलं. मारलेल्या माणसाचं नाव आपल्या वाड्याला देऊन त्याला कायमचं पुसायचं, हा त्यांचा तर्क मला पटतो. पुरावा म्हणाल तर तो कागदावर कुठेच सापडायचा नाही.

युद्धात राष्ट्र होतं तेव्हा आधीपासून लढणारे पुष्कळदा त्याच्या बाहेर राहतात. एकजूट करणाऱ्याला एक फौज लागते, एक हुकूम लागतो, आणि न वाकणाऱ्या टोळीनायकांना त्यात जागा नसते.

प्रश्न : स्वातंत्र्यानंतर हैतीत गोऱ्यांची कत्तल झाली असं वाचलं. मग पोलंडच्या सैनिकांना नागरिकत्व कसं मिळालं? तेही गोरेच की!
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : बाई, प्रश्न झकास आहे, आणि शीर्षक त्यावरूनच घेतलं आहे.

कत्तल झाली, हे आधी स्पष्ट सांगतो. फेब्रुवारी ते एप्रिल १८०४ या काळात देसालीनच्या हुकमावरून बेटावर उरलेल्या फ्रेंच गोऱ्यांना मारलं गेलं. बायका-मुलंही त्यात गेली. आकडा तीन ते पाच हजारांच्या दरम्यान धरतात. रोशाम्बोनं काय केलं हे सांगून त्याचं समर्थन करणारे आहेत, आणि गुलामी एका शब्दात उरकून फक्त कत्तलीचीच वर्णनं करणारेही आहेत. दोन्ही वाचताना सावध राहा.

पण या कत्तलीतून काही जणांना वगळलं होतं. काही डॉक्टर, काही पाद्री, वायव्येच्या भागात आधीपासून वसलेले जर्मन शेतकरी, आणि पोलिश शिपाई. हे पोलिश इथे आले कसे? १७९५मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून खाल्लं. देश गेलेले पोलिश सैनिक इटलीत दोम्ब्रोव्हस्कीच्या हाताखाली नेपोलियनच्या बाजूनं लढू लागले. आज नाही उद्या हा माणूस आपला देश सोडवील, ही आशा. पोलंडचं आजचं राष्ट्रगीत १७९७मध्ये याच पलटणीसाठी रचलं गेलं. आणि याच पलटणीतल्या पाच हजारांहून अधिक माणसांना नेपोलियननं १८०२-०३मध्ये जहाजात घालून धाडलं, तर कुठे? स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांना चिरडायला. त्यांतले बहुतेक पिवळ्या तापानं मेले. काही जण पलीकडे जाऊन मिळाले. लोककथेत हा आकडा फुगतो, प्रत्यक्षात तो बराच लहान असावा. युद्ध संपल्यावर चारेकशे जण बेटावर राहिले.

देसालीनच्या २० मे १८०५च्या घटनेत यांची व्यवस्था आहे. बारावं कलम म्हणतं, कोणत्याही देशाचा गोरा माणूस मालक किंवा जमीनदार म्हणून या भूमीवर पाऊल ठेवणार नाही. तेरावं म्हणतं, सरकारनं नागरिक करून घेतलेल्या गोऱ्या बायका, जर्मन आणि पोलिश यांना हे लागू नाही. आणि चौदाव्या कलमात कळस आहे. एका कुटुंबातल्या मुलांत रंगाचे भेद नसावेत, म्हणून यापुढे सगळे हैतीवासी ‘काळे’ या एकाच नावानं ओळखले जातील. आता तिन्ही कलमं एका ओळीत लावा. वॉर्सावहून आलेला निळ्या डोळ्यांचा शिपाई कायद्यानं काळा झाला!

हे नुसतं हसण्यावारी नेऊ नका. सँ-दोमँगमध्ये माणसाच्या रक्तात आफ्रिकेचा अंश किती, याचे तक्ते मोरो द सँ-मेरी या वकिलानं छापले होते, एकशे अठ्ठावीस भागांपैकी किती भाग गोरे आणि किती काळे अशा हिशेबानं. कातडीचा रंग म्हणजे हक्कांची पायरी. देसालीननं ती शिडीच उलटी केली. काळा म्हणजे कोण, तर गुलामी नाकारणाऱ्यांच्या बाजूला उभा असलेला. ज्यानं उभं राहून दाखवलं तो आत आला. रंगाचा शब्द तोच ठेवून त्याला राजकीय अर्थ दिला, आणि तो देणाऱ्या देसालीनला धड वाचता-लिहिता येत नव्हतं. घटना लिहिली त्याच्या पदरच्या, फ्रान्सचं शिक्षण घेतलेल्या चिटणिसांनी.

शिडी कागदावर उलटी झाली, घराघरांत नाही झाली. मिश्र रक्ताचे जुने मुक्त लोक आणि नव्यानं मुक्त झालेले काळे यांच्यातली तेढ चौदाव्या कलमानं मिटली नाही. वडिलोपार्जित म्हणून बळकावलेल्या जमिनींचे कागद देसालीन तपासायला लागला, तसा त्याच्याविरुद्ध कट शिजला. १७ ऑक्टोबर १८०६ला राजधानीच्या वेशीवर पाँ-रूझ इथे त्याला मारलं. देशाचे दोन तुकडे झाले. उत्तरेत क्रिस्तोफ, दक्षिणेत पेतिओं. ते १८२०पर्यंत एक झाले नाहीत.

तरी त्या कल्पनेला पुढे एक फाटा फुटला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेतिओंच्या १८१६च्या घटनेत चव्वेचाळिसावं कलम आहे : आफ्रिकी किंवा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या वंशाचा कोणीही, कुठल्याही वसाहतीत वा परदेशात जन्मलेला, इथे येऊन राहिला तर तो हैतीचा. पुढल्याच वर्षी जमैकाहून काही गुलाम खलाशी मालकाचं गलबतच घेऊन हैतीला आले. मालक त्यांच्या मागावर येऊन पोचला. पेतिओंनं त्याला कलम दाखवलं. गलबत घेऊन जा, माणसं मिळणार नाहीत. कारण ती आता हैतीची झाली. लढाईत मिळालेलं राष्ट्रीयत्व इथे पळून आलेल्या परक्याला केवळ किनाऱ्यावर पाऊल टाकल्यानं मिळत होतं.

पोलिशांचे वंशज म्हणवणारे लोक काझाल या गावात आजही आहेत. व्होडूमधली एझिली दांतोर ही देवी गालावर वण असलेल्या काळ्या मातेच्या चित्रात दाखवतात. ते चित्र पोलंडमधल्या चेन्स्तोहोवाच्या काळ्या मेरीचं असून ते या शिपायांबरोबर आलं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

प्रश्न : एवढ्या लढवय्या राष्ट्राची आज ही अवस्था का? एकी टिकली नाही म्हणून?
— एक वाचक, पुणे

उत्तर : एकी टिकली नाही, हे खरं. पण ‘आपसांत भांडले म्हणून बुडाले’ हे उत्तर फार सोयीचं आहे, विशेषतः ज्यांनी बुडवलं त्यांच्या सोयीचं.

१८२५मध्ये फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स यानं युद्धनौका पाठवून स्वातंत्र्य मान्य करण्याची किंमत सांगितली : १५ कोटी फ्रँक, फ्रेंच मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेबद्दल. त्या मालमत्तेत गुलामांची किंमतही धरलेली. म्हणजे माणसांनी स्वतःच्याच सुटकेचे पैसे भरायचे, तेही जिंकल्यानंतर. हैतीचा अध्यक्ष बॉये यानं मान्य केलं. १८३८मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली. हप्ते भरायला कर्ज काढलं ते पॅरिसच्या पेढ्यांकडून, आणि कर्जावर कर्ज चढत त्याचा शेवटचा हिशेब १९४७मध्ये मिटला. अमेरिकेनं तर १८६२पर्यंत हैतीला देश म्हणून मान्यताच दिली नाही. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या मळेवाल्यांना हे उदाहरण आपल्या गुलामांच्या कानावर पडायला नको होतं.

दुसरं कारण घरातलं. फौजेला बंदुका हव्यात, बंदुकांना पैसा हवा, पैसा साखर-कॉफीत. त्यामुळे तूसाँपासून बॉयेपर्यंत बहुतेक राज्यकर्त्यांनी मजुरांना मळ्याला बांधून ठेवणारे कायदे केले. १८२६ची ग्रामीण संहिता त्यातलीच. लोकांना स्वातंत्र्याचा अर्थ वेगळा वाटत होता. डोंगरात तुकडाभर जमीन, रताळी, केळी, कोंबड्या, चार नातेवाइकांची एकत्र वस्ती आणि हुकूम कुणाचाच नाही. क्रिस्तोफनं ला-फेरिएरचा प्रचंड किल्ला उभारला, फ्रेंच परत येतील म्हणून. तो किल्ला बांधायला दगड वाहून नेणाऱ्यांना, फ्रेंच गेलेच नाहीत की काय, असं वाटलं असेल तर नवल नाही. सरकारचं राष्ट्र आणि शेतकऱ्याचं राष्ट्र अशी दोन राष्ट्रं एकाच निशाणाखाली तेव्हापासून नांदतायत. माझ्या दृष्टीनं कर्जाइतकंच हे महत्त्वाचं आहे.

प्रश्न : हैतीचं स्वातंत्र्याचं जाहीरनामापत्र कोणत्या भाषेत आहे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : फ्रेंचमध्ये! लिहिलं देसालीनचा चिटणीस लुई बुआराँ-तोनेर यानं. फ्रेंचांशी सगळे संबंध तोडल्याची घोषणा फ्रेंचमध्ये, आणि समोर उभ्या असलेल्या बहुसंख्य सैनिकांना समजणारी भाषा क्रेओल. देशात जवळजवळ प्रत्येक जण क्रेओल बोलतो, पण तिला फ्रेंचच्या बरोबरीनं राजभाषेचा दर्जा मिळाला १९८७च्या घटनेनं. तोवर शाळा, कोर्ट, सरकारी अर्ज बहुतेक सगळं फ्रेंचमध्ये, आणि ते न येणारे आपल्याच कचेरीत परके.

या जाहीरनाम्याची हस्तलिखित मूळ प्रत सापडलेली नाही. सरकारनं छापलेली आठ पानी प्रत ज्युलिया गॅफील्ड या संशोधक विद्यार्थिनीला २०१०मध्ये मिळाली, ती लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, जमैकाच्या इंग्रज गव्हर्नरच्या कागदपत्रांत. नवा शेजारी काय म्हणतोय ते कळावं म्हणून त्यानं ती मायदेशी पाठवून दिली होती.